स्मार्ट बल्ब घराच्या सिस्टिमला जोडताना: कोल्हापूरकरांचे वारंवार येणारे प्रश्न

मंगळवार पेठेतल्या आमच्या घरात गेली पाच वर्षं स्मार्ट बल्ब आहेत. सुरुवातीला दोन होते, आता सतरा आहेत. मधल्या काळात शेजारी, पाहुणे, मित्र अशा बऱ्याच जणांच्या घरी मी ते जोडून दिले. शिवाजी पेठेतलं दगडी घर असो नाहीतर कळंबा रोडचा नवा फ्लॅट, प्रश्न मात्र तेच येतात. म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवतोय.

माझं एक मत आधीच सांगतो, कारण खालच्या बऱ्याच उत्तरांत ते येणार आहे. घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला रात्री अंधारात उठून, फोन न शोधता, भिंतीवरचं बटण दाबून दिवा लावता आला पाहिजे. ते जमत नसेल तर जोडणीचं काम अजून संपलेलं नाही.

साधा एलईडी आणि स्मार्ट बल्ब यात नेमका फरक काय?

उजेड देणारा भाग तोच असतो. स्मार्ट बल्बच्या बुडात त्याच्या जोडीला एक छोटी रेडिओ चिप असते. ती राउटरशी किंवा हबशी (बल्ब, सेन्सर अशा वस्तूंना जोडणारी मधली छोटी पेटी) बोलते, आणि त्यासाठी तिला चोवीस तास वीज लागते. बल्ब विझलेला दिसतो तेव्हाही चिप जागी असते. एवढं नीट ध्यानात घ्या, पुढच्या निम्म्या अडचणी इथूनच निघतात. भिंतीवरचं बटण बंद केलं की बल्ब नुसता विझत नाही, सिस्टिमच्या लेखी तो घरातच नसतो.

बल्बच्या कंपनीचं ॲप असताना वेगळी सिस्टिम कशाला?

एकाच कंपनीचे चार बल्ब असतील तर खरंच नको. ॲपवर वेळ लावा, रंग बदला, काम झालं.

गरज पडते ती घरात वस्तू वाढल्यावर. बल्ब एका कंपनीचा, दारावरचा सेन्सर दुसऱ्याचा, गिझरचा प्लग तिसऱ्याचा. तीन ॲपं एकमेकांशी बोलत नाहीत. 'परड्याचं दार रात्री उघडलं तर मागचा दिवा लाव' एवढी साधी गोष्टसुद्धा होत नाही, कारण दार एका ॲपमध्ये आणि दिवा दुसऱ्यात. हे सगळं एका छताखाली आणणारी ती सिस्टिम. गूगल होम, अलेक्सा, ॲपल होम, स्मार्टथिंग्ज हे तयार पर्याय आहेत. होम असिस्टंट हा मोफत, मुक्त स्रोत पर्याय. मी तोच वापरतो, त्याबद्दल पुढे लिहिलंय.

वायफायचा बल्ब घ्यायचा की झिग्बीचा?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि पैसे खर्च करण्याआधी विचारण्यासारखा हाच आहे.

वायफायच्या बल्बला वेगळा हब लागत नाही. बल्ब बसवा, ॲप उघडा, घरच्या वायफायला जोडा. कोल्हापुरातल्या दुकानांत मिळणारे बहुतेक स्मार्ट बल्ब याच जातीचे. पाच-सहा बल्बांपर्यंत हेच घ्या, काही वाईट नाही. पण प्रत्येक बल्ब राउटरवर एक जागा अडवतो. फायबर कनेक्शनसोबत मिळालेला साधा राउटर वीस-तीस वस्तूंनंतर दमायला लागतो. घरातले फोन, टीव्ही, कॅमेरे मोजा, मग कळेल की वीसचा आकडा किती लवकर गाठला जातो. मग एखादा बल्ब उशिरा पेटतो, एखादा 'ऑफलाईन' दाखवतो, आणि दोष बल्बवर जातो.

झिग्बी ही वायफायसारखीच, पण कमी वीज खाणारी वेगळी बिनतारी पद्धत. तिचं गणित वेगळं आहे. तिला हब किंवा कॉम्प्युटरला लावायचा डोंगल लागतो, पण तो एकदाच. झिग्बीचा जवळपास प्रत्येक बल्ब स्वतः निरोप पुढे पोचवतो. सोप्यातला बल्ब माजघरातल्याला सांगतो, माजघरातला स्वयंपाकघरातल्याला. बल्ब वाढतील तसं जाळं घट्ट होत जातं. राउटरवर भार नाही, इंटरनेटची गरज नाही. शिवाय झिग्बीचे सेन्सर आणि बिनतारी बटणं नाण्यासारख्या छोट्या सेलवर वर्ष-दोन वर्षं चालतात. वायफायच्या सेन्सरला तसं जमत नाही.

माझा सल्ला असा: दोन-चार बल्बांची हौस असेल तर वायफाय. अख्खं घर करायचं मनात असेल तर पहिल्या दिवसापासून झिग्बी. आधी वायफायचे बारा बल्ब घेऊन मग बदलणारे मी पाहिलेत, पैसे दोनदा जातात.

खोक्यावर 'मॅटर' लिहिलेलं असतं, ते काय?

मॅटर हे कंपन्यांनी मिळून ठरवलेलं मानक आहे. त्याची पहिली आवृत्ती ऑक्टोबर २०२२ मध्ये आली. मॅटरचा बल्ब गूगल, ॲपल, ॲमेझॉन, होम असिस्टंट यांपैकी कशालाही जोडता येतो, आणि एकाच वेळी एकाहून जास्त सिस्टिमलाही. म्हणजे नवऱ्याचा आयफोन आणि बायकोचा अँड्रॉइड असला तरी दोघांना आपापल्या ॲपमधून तोच दिवा लावता येतो. आज नवा बल्ब घेत असाल तर मॅटरचा शिक्का बघून घ्या.

दोन गोष्टी मात्र दुकानदार सांगत नाही. मॅटरचेही दोन प्रकार आहेत, वायफायवर चालणारा आणि थ्रेडवर, म्हणजे झिग्बीसारख्याच बिनतारी जाळ्यावर चालणारा. थ्रेडवाल्याला घरात ते जाळं घरच्या नेटवर्कला जोडणारा 'थ्रेड बॉर्डर राउटर' लागतो. तो काही स्मार्ट स्पीकरमध्ये असतो, सगळ्यांत नसतो. खोक्यावर नीट वाचा.

दुसरं, मॅटरच्या बल्बवर एक क्यूआर कोड आणि बहुधा ११ आकड्यांचा नंबर असतो. बल्ब होल्डरमध्ये बसवण्याआधी त्याचा फोटो काढून ठेवा. नंतर रीसेट करायची वेळ आली तर तोच कोड पुन्हा लागतो, आणि तो छापलेला असतो बल्बच्या बुडावर, छताजवळ. शिडीवर चढून एका हाताने टॉर्च धरून तो वाचण्यापेक्षा आधीचा अर्धा मिनिट बरा.

आमच्याकडे जुने पिनांचे होल्डर आहेत. चालेल का?

चालेल. आपल्याकडचे बहुतेक होल्डर पिनांचे, म्हणजे बी-२२. स्मार्ट बल्बही त्या मापात मिळतात. बाहेरून मागवताना आट्यांचा, म्हणजे ई-२७ येणार नाही एवढं बघा. होल्डरच्या आतल्या दोन पितळी पिना दबून बसल्या असतील तर होल्डर बदलून घ्या. सैल होल्डरमध्ये बल्ब लुकलुकतो आणि सारखा जोडणीतून सुटतो.

बल्ब ॲपला सापडतच नाही. तीनदा प्रयत्न केला.

दहापैकी आठ वेळा कारण एकच: तुमचा फोन ५ गिगाहर्ट्झच्या वायफायवर आहे आणि बल्बला फक्त २.४ गिगाहर्ट्झ कळतं. नव्या राउटरवर दोन्हींना एकच नाव दिलेलं असतं, फोन आपोआप वेगवान बाजूला जातो, आणि बल्ब दुसऱ्या बाजूला चाचपडत बसतो. राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन दोन्हींना वेगळी नावं द्या, किंवा जोडणीपुरतं ५ गिगाहर्ट्झ बंद करा. जोडणी झाल्यावर पुन्हा चालू केलंत तरी बिघडत नाही.

तरीही नाही झालं तर या क्रमाने बघा. फोनचं लोकेशन आणि ब्लूटूथ चालू आहे का? ॲपला त्याची परवानगी दिलीय का? फोनवर व्हीपीएन चालू असेल तर बंद करा. राउटरची सुरक्षा फक्त डब्ल्यूपीए-३ वर असेल तर डब्ल्यूपीए-२ चालेल अशी ठेवा, बरेच स्वस्त बल्ब नव्या पद्धतीला दाद देत नाहीत. वायफायचं नाव देवनागरीत किंवा चिन्हं घालून ठेवलं असेल तर साध्या इंग्रजी अक्षरांत करा. राउटरला 'एपी आयसोलेशन' नावाची सोय असते, ती चालू असेल तर फोन आणि बल्ब एकमेकांना दिसणारच नाहीत.

शेवटी बल्ब रीसेट करा. बहुतेक बल्ब बटण तीन ते पाच वेळा भराभर चालू-बंद केल्यावर लुकलुकायला लागतात. लुकलुकणारा बल्ब जोडणीसाठी तयार आहे असं समजा. पहिली जोडणी राउटरच्या खोलीतच, टेबल लॅम्पच्या होल्डरमध्ये करा आणि मग बल्ब त्याच्या जागी न्या. छताखाली उभं राहून मान वर करून ताटकळायची गरज नाही.

होम असिस्टंट म्हणजे काय? मला जमेल का?

२०१३ मध्ये सुरू झालेलं हे मोफत सॉफ्टवेअर घरातल्याच एका छोट्या कॉम्प्युटरवर चालतं. रास्पबेरी पाय, जुना लॅपटॉप किंवा त्यासाठीच बनवलेली छोटी तयार पेटी, काहीही चालतं. एकदा बसलं की घरातल्या कुठल्याही ब्राउझरमधून उघडतं. तुम्हाला मोबाईलवर वायफाय राउटरची सेटिंग बदलता येत असेल तर हेही जमेल. पहिला रविवार जाईल, हे खरं.

रास्पबेरी पाय घेणार असाल तर मेमरी कार्डवर विसंबू नका. ही सिस्टिम दिवसभर काही ना काही लिहीत असते, आणि मध्येच लाईट गेली की कार्ड खराब होतं. छोटी एसएसडी, म्हणजे जास्त टिकणारी डिस्क लावा. आणि बॅकअप दुसरीकडे ठेवा, त्याच कार्डावर ठेवलेला बॅकअप कार्डाबरोबरच जातो. माझा गेला होता. अकरा बल्ब, सहा सेन्सर, सगळी नावं पुन्हा बसून दिली.

झिग्बीचा डोंगल थेट यूएसबी ३ च्या खाचेत खोचू नका. ती खाच आणि एसएसडीची केबल २.४ गिगाहर्ट्झमध्येच गोंगाट करतात. दीड-दोन हाताची यूएसबी एक्स्टेंशन केबल लावून डोंगल बाजूला काढा. या एका केबलने आमच्या स्वयंपाकघरातला 'कधी चालतो कधी नाही' असा बल्ब सरळ झाला. वायफाय आणि झिग्बी एकाच पट्ट्यात बोलतात, म्हणून राउटर चॅनल १ वर ठेवा आणि झिग्बी २० किंवा २५ वर. चॅनल सुरुवातीलाच ठरवा, नंतर बदललं तर काही वस्तू पुन्हा जोडाव्या लागतात.

इंटरनेट गेलं तर घर अंधारात का?

तुम्ही काय निवडलंय त्यावर आहे. काही वायफाय बल्बांचा निरोप तुमच्या फोनवरून दूरच्या सर्व्हरवर जातो आणि तिथून परत तुमच्याच माजघरात येतो. इंटरनेट गेलं की ती वाट बंद. झिग्बीचे बल्ब, मॅटरचे बल्ब, आणि 'विझ' (WiZ) या कंपनीच्या बल्बांसारखे घरातल्या घरात निरोप घेणारे काही वायफाय बल्ब होम असिस्टंटला जोडले की इंटरनेटशिवाय चालतात. राउटर चालू असला की पुरे.

कंपनी बंद पडली तर काय, हाही त्यातलाच प्रश्न. एप्रिल २०२२ मध्ये अमेरिकेतल्या इन्स्टिऑन कंपनीचे सर्व्हर अचानक बंद झाले आणि तिचं ॲप वापरणारी माणसं एका दिवसात अडचणीत आली. ज्यांनी आपली उपकरणं घरातल्या सिस्टिमला जोडली होती त्यांचे दिवे चालूच राहिले. पुढे ग्राहकांपैकीच काही जणांनी ती कंपनी विकत घेऊन सेवा पुन्हा सुरू केली. खरेदीच्या वेळी 'लोकल कंट्रोल आहे का' हा प्रश्न मी म्हणूनच सगळ्यात आधी विचारतो.

घरातली माणसं भिंतीवरचं बटण बंद करतात आणि बल्ब मरतो. त्यांना कसं समजवायचं?

समजवू नका. बदलायचं ते आपण, त्यांनी नाही.

आमच्या आईचा हात सोप्यातून स्वयंपाकघरात जाताना उजवीकडच्या बोर्डावर जातो. डावीकडून दुसरं बटण. ती बोर्डाकडे बघतही नाही, बोटच ओळखतं. त्या बटणाचा पांढरा रंग जाऊन पिवळट झालाय, कडा गुळगुळीत झाल्यात. रात्री झोपायला जाताना ती ते बंद करणार, पहाटे उठल्यावर चालू करणार. मी सुरुवातीला बटणावर चिकटपट्टी लावली. चार दिवस तिने काही म्हटलं नाही. पाचव्या रात्री ती पाणी प्यायला उठली, हात पट्टीवर गेला, आणि बटण सापडेना म्हणून भिंत धरत अंधारातच माठापर्यंत गेली. सकाळी मी पट्टी काढली. तेव्हापासून कुणाच्याही घरी मी बटणावर पट्टी लावू देत नाही.

यावर खरे उपाय तीन आहेत.

पहिला, बिनतारी बटण. झिग्बीचं छोटं बटण जुन्या बोर्डाच्या शेजारी, हात जातो तिथेच चिकटवायचं. जुनं बटण मात्र वायरमनकडून आतून थेट करून घ्यायचं, म्हणजे बल्बला कायम वीज राहते. भाड्याच्या घरात बोर्डाला हात लावता येत नसेल तर बटणावर बसणारं झाकण मिळतं, पण ते घरातल्यांना विचारून, दाखवूनच लावा.

दुसरा, आणि वयस्कर माणसं असलेल्या घरात मी हाच सुचवतो: बल्ब साधाच ठेवा, बोर्ड स्मार्ट करा. बोर्डाच्या मागे काडेपेटीएवढं रिले मॉड्यूल, म्हणजे सिस्टिमच्या आज्ञेने चालू-बंद होणारा छोटा स्विच बसतो. जुनं बटण जसंच्या तसं राहतं. आईने दाबलं तर दिवा लागतो, सिस्टिमने सांगितलं तरी लागतो, आणि इंटरनेट, राउटर, हब सगळं बंद पडलं तरी बटण चालतं. यात रंग बदलत नाहीत, पण स्वयंपाकघरात रंग कुणाला हवेत?

बहुतेक मॉड्यूलांना न्यूट्रल वायर लागते. ज्या बोर्डावर प्लग आहे तिथे ती आलेलीच असते. नुसत्या बटणांच्या जुन्या बोर्डात नसू शकते, ते वायरमनने उघडून बघितल्यावरच कळेल. हे काम स्वतः करू नका. वायरमन आला तरी एमसीबी पाडून, टेस्टर लावून, मगच बोर्ड उघडला जातोय ना हे बघा. जिन्याच्या दिव्याला वर-खाली दोन बटणं असतात, ते टू-वे वायरिंग त्याला आधीच सांगा, मॉड्यूल त्याला चालणारं निवडावं लागतं.

तिसरा उपाय दोन्हींचा मेळ. मॉड्यूलही बसवायचं आणि बल्बही स्मार्ट. मॉड्यूल बल्बला कायम वीज देतं, आणि बटण दाबलं की फक्त निरोप पाठवतं. आमच्या बैठकीत असं आहे. मजा येते, पण हब बंद पडला तर बटणाचं काम थांबतं, म्हणून एका खोलीपुरतंच ठेवलंय.

लाईट जाऊन आली की सगळे बल्ब आपोआप पेटतात!

हो. बहुतेक बल्ब कारखान्यातूनच तसे येतात, वीज आली की पेटायचं. म्हणजे बाकी सगळं बंद पडलं तरी भिंतीवरच्या बटणाने उजेड मिळावा, हा त्यामागचा विचार योग्यच आहे. पण जुलैतल्या पावसात एकदा रात्री पावणेतीनला लाईट आली आणि आमच्या चारही खोल्यांत एकदम पांढराफटक उजेड पडला. बाबा दचकून उठून बसले, कुणी घरात शिरलं की काय म्हणून. त्याच दिवशी सगळ्या बल्बांची सेटिंग बदलली.

ॲपमध्ये किंवा होम असिस्टंटमधल्या झिग्बीच्या पानावर 'पॉवर-ऑन बिहेविअर' शोधा. 'आधीच्या स्थितीत' असं निवडा, बंद होता तर बंदच राहील. ही सोय काही स्वस्त बल्बांत नसते, घेण्याआधी विचारा.

पावसाळ्यातली आणखी एक गोष्ट. लाईट तीन-चार वेळा झटपट गेली-आली की बल्बला वाटतं तुम्ही रीसेटच करताय. तो जोडणी विसरून लुकलुकत बसतो. बल्ब बिघडला म्हणून टाकू नका, पुन्हा जोडा. असं वारंवार होत असेल तर ते दिवे इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या. राउटर आणि हब तर इन्व्हर्टरवर हवेतच.

पंख्याच्या रेग्युलेटरसारखा डिमर आधीच आहे. त्यावर स्मार्ट बल्ब लावू का?

अजिबात नको. बल्ब गुणगुणतो, लुकलुकतो आणि लवकर जातो. डिमर काढून साधं बटण बसवा, मंद-तेज बल्ब स्वतः करतो.

रोज संध्याकाळी दिवेलागणीला दिवे आपोआप लागावेत. सातची वेळ लावली, पण जमत नाही.

घड्याळाची वेळ लावू नका, सूर्यास्त लावा. प्रत्येक सिस्टिममध्ये ती सोय असते, घराचं ठिकाण कोल्हापूर द्या, बाकी हिशेब ती करते.

फरक किती पडतो ते आपल्याइतकं चांगलं कुणाला कळणार? अंबाबाईचा किरणोत्सव वर्षातून दोनदा होतो, ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी. दोन्ही वेळा मावळता सूर्य क्षितिजावर जवळपास त्याच जागी असतो, म्हणून तर किरणं गाभाऱ्यात पोचतात. पण घड्याळ बघा: नोव्हेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, फेब्रुवारीच्या आरंभी साडेसहाच्या सुमारास. जागा तीच, वेळेत अर्ध्या तासाचा फरक. जुलैच्या सुरुवातीला तर सात वाजून दहा मिनिटं होतात. सातची वेळ लावली तर नोव्हेंबरात तासभर अंधारात बसाल.

जुन्या पेठांत घरं चिकटून आहेत, गल्ली अरुंद, आत उजेड लवकर जातो. तिथे सूर्यास्ताच्या वीस मिनिटं आधी लावा. रंकाळ्याकडे पश्चिमेला खिडक्या असतील तर सूर्यास्तानंतर दहा मिनिटांनीही चालेल. पावसाळ्यात दुपारी चारलाच अंधारून येतं, त्यासाठी उजेड मोजणारा सेन्सर लावता येतो. सेन्सर खिडकीजवळ पण बल्बापासून लांब ठेवा, नाहीतर बल्ब लागला की सेन्सरला उजेड दिसतो, तो बल्ब विझवतो, अंधार दिसतो, पुन्हा लावतो.

देवघराचा दिवा मी या वेळापत्रकात घेतलेला नाही. तिन्हीसांजेला समई आई लावते, आणि ती लागली की मगच सोप्यातला दिवा पेटतो. त्यासाठी देवघराच्या कपाटाच्या दाराला एक छोटा सेन्सर आहे. सुट्टीवर गावाला गेलो तर मात्र सूर्यास्ताचा नियम चालू करतो.

घर जुनं आहे, दीड-दोन फुटी भिंती. सिग्नल पोचेल?

एक भिंत बहुधा पार होते, दुसरी अवघड. माती-दगडाच्या जाड भिंती रेडिओ लहरी शोषून घेतात, पावसाळ्यात ओल धरली की आणखी. इथे झिग्बीचं जाळं उपयोगी पडतं: दारांच्या रेषेत बल्ब किंवा प्लग ठेवा, म्हणजे निरोप भिंतीतून नाही तर दारातून जातो. चौकाच्या घरात चौकातला दिवा हा सगळ्यात मोक्याचा, तो चारही बाजूंना दिसतो. त्याचं बटण कायम चालू राहील असं बघा. मधला बल्ब बटणाने बंद झाला की त्याच्यामागचे सगळे तुटतात.

लोखंडी शेडमध्ये किंवा पूर्ण बंद काचेच्या गोळ्यात स्मार्ट बल्ब बसवू नका. पहिल्यात सिग्नल अडतो, दुसऱ्यात चिप तापून आयुष्य घटतं.

सतत चालू म्हणजे बिल वाढेल ना?

थोडंसं. विझलेला स्मार्ट बल्ब साधारण अर्धा वॉट किंवा त्याहून कमी घेतो. आमचे सतरा बल्ब धरले तर साडेआठ वॉट, दिवसाला २०४ वॉट-तास, महिन्याला सहा युनिटं. नऊ वॉटचा एक बल्ब रोज पाच तास लावला तर महिन्याला सव्वा युनिटाच्या थोडं वर जातं. म्हणजे वीज वाचेल म्हणून दोन-चार तासच लागणाऱ्या दिव्याला स्मार्ट बल्ब घेऊ नका. माळ्यावर, अडगळीच्या खोलीत साधा एलईडी ठेवा. जिना, गच्ची, परडं, जिथे दिवा रात्रभर विसरला जातो, तिथे पैसे वसूल होतात.

बोलून दिवे लावायचे तर नावं काय द्यायची?

बाजारातले बहुतेक स्पीकर इंग्रजी आणि हिंदीतल्या आज्ञा घेतात, त्यामुळे नाव त्या वाक्यात बसणारं हवं. मी पुढच्या दिव्याला 'सोपा' नाव दिलं तर स्पीकरला 'सोफा' ऐकू येई. 'माजघर'ही अडखळत होतं. आता 'फ्रंट', 'किचन', 'देवघर' अशी आहेत, 'देवघर' मात्र पहिल्यापासून बरोबर कळतं. दोन नावं कानाला सारखी नकोत. एका झुंबरात चार बल्ब असतील तर त्यांचा गट करा आणि नाव गटाला द्या. सिस्टिममध्ये नाव बदलायचं ते पहिल्याच दिवशी. नियम लिहून झाल्यावर बदललं तर जुने नियम शोधत बसावं लागतं.

गौरी-गणपतीच्या आरासाला वापरता येतील का?

घरच्या गणपतीला जरूर. मखरातल्या माळांसाठी मात्र बल्ब नको, स्मार्ट प्लग घ्या आणि सगळी आरास त्यावर लावा. आरतीच्या वेळी एका बटणावर समईच्या रंगाचा, म्हणजे २७०० केल्विनच्या आसपासचा मंद उजेड, आरती झाली की पुन्हा सगळं चालू. प्लगवर किती अँपिअर लिहिलंय ते बघून भार टाका. मंडळाच्या मांडवात हे करू नका. तिथल्या तात्पुरत्या वायरिंगला जाणकार माणूस आणि ईएलसीबी, म्हणजे गळती झाली की वीज तोडणारा स्विच हवा.

कुणी बाहेरून आमचे दिवे चालवू शकेल का?

पासवर्ड ढिला असेल तर शक्य आहे. राउटरचा मूळ पासवर्ड बदला, ॲपला दोन टप्प्यांची पडताळणी लावा, बल्बांसाठी शक्य असेल तर वेगळं गेस्ट वायफाय ठेवा. मात्र गेस्ट वायफायवर आयसोलेशन असतं, मग घरातल्या सिस्टिमला बल्ब दिसतील का हे आधी तपासा. होम असिस्टंट बाहेरून उघडण्यासाठी राउटरचे पोर्ट उघडे टाकू नका.

आमचं घर पूररेषेत आहे.

मग हब, राउटर आणि इन्व्हर्टर खालच्या मजल्यावर ठेवूच नका. २०१९ आणि २०२१ चे पूर आपण पाहिलेत. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेने ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडली की सामान हलवायला सुरुवात करतो, तेव्हाच हब काढून वर न्या आणि बॅकअप फोनवर घ्या. पाणी घरात यायच्या आधी मेन स्विच पाडा. ॲपवरून दिवे बंद केले म्हणजे वीज बंद झाली असं होत नाही, होल्डरमध्ये फेज तशीच असते. पाणी ओसरल्यावर वायरमनने बोर्ड तपासल्याशिवाय काहीही चालू करू नका. भिजलेली मॉड्यूलं वाळवून वापरू नका, टाकून द्या.

घर सोडताना बल्ब तिथेच ठेवायचे असतील तर?

आधी ॲपमधून आणि सिस्टिममधून प्रत्येक बल्ब काढून टाका, मग रीसेट करा. नुसता फोन नेलात तर बल्ब तुमच्याच खात्याला चिकटलेला राहतो आणि नव्या माणसाला जोडता येत नाही. मॅटरच्या कोडांचे फोटो त्यांना पाठवा. बोर्डामागे मॉड्यूल असतील तर कुठल्या बोर्डात कुठलं हे एका कागदावर लिहून मीटरपेटीच्या आतल्या बाजूला चिकटवा, पुढच्या वायरमनला बोर्ड उघडण्याआधी ते दिसलं पाहिजे.